सरत्या उन्हाळ्यातलं तळं आणि माझी सेक्की डिस्क

उन्हाळ्याच्या शेवटी तळ्यात उतरायचं की नाही, याचा आमच्या काठावर प्रत्येकाचा आपला ठोकताळा आहे. कोणी पाण्याचा रंग बघतं, कोणी वास घेतं, कोणी काल शेजारचा पोहून आला आणि त्याला काही झालं नाही, एवढ्यावर पाण्यात शिरतं. मी सकाळी पोहते आणि माझी स्वतःची वल्ह्याची होडी आहे, त्यामुळे पोरांच्या आया मलाच विचारतात, "काकू, आज सोडू का पोरांना?" अंदाजाने उत्तर द्यायला मला आवडत नाही. पोरं दुसऱ्यांची असतात. म्हणून मी सेक्की डिस्क, म्हणजे पाण्यात किती खोलवर दिसतं ते मोजायची तबकडी, घेतली आणि ऊन चढत होतं तेव्हापासून ते आता उन्हाळा सरत आला तोवर नियमाने वापरली.

वस्तू अगदी साधी आहे. २० सेंटीमीटर व्यासाची गोल तबकडी, तिचे चार भाग, समोरासमोरचे दोन पांढरे आणि दोन काळे. मधोमध कडी, खाली वजन, वर दोरी किंवा मापाची फीत. तबकडी पाण्यात सोडायची आणि ती जिथे दिसेनाशी होते ती खोली वाचायची, बस्स. बॅटरी नाही, रसायन नाही, मोबाइल नाही. मत्स्यशेती करणाऱ्यांना ही चांगली ओळखीची आहे. त्यांच्या तळ्यात ती साधारण ३० ते ४० सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली तर ते खूश असतात, कारण तेवढं हिरवं पाणी म्हणजे माशांना खाद्य. पोहणाऱ्याचं गणित उलटं, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर दोघांचे आकडे एकमेकांना लावले की गोंधळ होतो.

ही कल्पना १८६५ सालची. आंजेलो सेक्की हे इटलीतले जेझुइट धर्मगुरू आणि नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट पाहून त्यांनी ताऱ्यांची गटवारी केली. त्यांनी पोपच्या आरमारातल्या जहाजावरून भूमध्य समुद्रात वेगवेगळ्या आकारांच्या तबकड्या सोडून समुद्राचं पाणी किती पारदर्शक आहे ते मोजलं. पुढे १८९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज व्हिपल यांनी तबकडी लहान केली आणि तिचे काळे-पांढरे भाग पाडले. तलावांवर आजही तीच वापरतात. दीडशेहून जास्त वर्षं एखादं उपकरण जवळपास जसंच्या तसं वापरात राहतं, याचा मला मनापासून आदर वाटतो. आज मी काढलेला आकडा माझ्या आजीच्या वयाच्या कोणी काढलेल्या आकड्याशेजारी ठेवता येतो. ही सोय नव्या यंत्रांना नाही.

आता माझ्या हातात आलेली वस्तू कशी आहे ते सांगते. तबकडी ॲक्रिलिकची आहे, कडा गुळगुळीत, हाताला लागत नाहीत. काळा रंग घट्ट बसलाय, होडीच्या फळीवर आपटूनही टवका उडालेला नाही. पृष्ठभाग मॅट आहे आणि तो तसाच हवा, चकचकीत असता तर वरच्या थरात ऊन परावर्तित होऊन डोळे दिपले असते. वजन बरोबर मध्यावर असल्यामुळे तबकडी आडवी, सपाट उतरते. हे फार महत्त्वाचं आहे. तबकडी तिरकी झाली की ती खरी जाते त्यापेक्षा आधीच नजरेआड होते आणि पाणी आहे त्याहून गढूळ वाटतं. वजन पोलादाचं आहे, शिशाचं नाही, हे मी घेतानाच विचारून घेतलं होतं. गळाला लावायची शिशाची वजनं तळाशी राहून पाणपक्ष्यांच्या पोटात जातात आणि त्यांना विषबाधा होते. ब्रिटनमध्ये लहान आकाराच्या अशा वजनांवर १९८७ पासून बंदी आहे. आपल्या तळ्यात काही टाकायचंच तर ते शिसं नसावं.

तबकडीला मी पैकीच्या पैकी गुण देईन. दोरीला मात्र नाही. सोबत आलेली दोरी नायलॉनची, अर्ध्या अर्ध्या मीटरवर रंगाच्या खुणा केलेली. नायलॉन ओलं झालं आणि वजनाने ताणलं गेलं की लांबतं. दोन खुणांमधलं अंतर मी सुकी दोरी आणि ओली दोरी फितीवर धरून पाहिलं, तर ओली बोटभर पुढे जात होती. एक-दोन मीटरच्या मापात बोटभर म्हणजे फार नाही, पण आठवड्याचा फरकच मुळात तेवढा असेल तर आकड्याला काही अर्थ राहत नाही. शिवाय खुणांचा रंग धुपू लागला होता. ती दोरी मी होडी बांधायला काढून घेतली आणि तबकडीला फायबरग्लासची मापाची फीत लावली, बांधकामावर वापरतात तसली. ती ताणत नाही, कुजत नाही आणि सेंटीमीटर थेट वाचता येतात. फीत बांधताना एवढंच सांभाळायचं की शून्य हे तबकडीच्या वरच्या पृष्ठभागाशी यायला हवं. कडीपासून मोजलं तर प्रत्येक वेळी कडीच्या उंचीएवढी तफावत राहते.

दुसरी तक्रार बोल्टची. मधला बोल्ट साध्या लोखंडाचा निघाला. पाण्यात वर-खाली करून तो गंजला आणि पांढऱ्या भागावर तपकिरी ओघळ उतरला. पांढरा भाग पांढरा नसेल तर या उपकरणात उरतं काय? मी स्टेनलेस स्टीलचा बोल्ट लावून घेतला, काम दहा मिनिटांचं. पण विकणाऱ्याने हा खर्च वाचवायला नको होता.

मोजण्याची रीत सोपी असली तरी तिला शिस्त लागते. ऊन वर असताना, साधारण सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, पाणी शांत असताना होडी नांगरायची. सावलीच्या बाजूला वाकायचं, म्हणजे पाण्यावरची चकाकी डोळ्यांत येत नाही. गॉगल काढून ठेवायचा. मग फीत हळूहळू सोडायची.

इथे जरा थांबून सांगते, कारण मला यातली खरी गंमत इथेच वाटते. सुरुवातीला तबकडी हातभर खाली असते तेव्हा पांढरा भाग स्वच्छ पांढरा आणि काळा काळाच दिसतो. अजून थोडं सोडलं की पांढऱ्यावर हिरवट छटा चढते. पुढे काळ्या भागांच्या कडा विरायला लागतात, मग ते आसपासच्या पाण्यात मिसळून जातात आणि फक्त दोन फिकट पिवळट-हिरवे तुकडे उरतात, एकमेकांकडे टोक करून. मग तेही एकच डाग होतात. मग डाग आहे की आपल्याला वाटतोय, असं होतं. तिथे फीत चिमटीत धरायची आणि पाण्याच्या पातळीला किती आकडा येतो तो वाचायचा. आणखी थोडी खाली सोडून परत वर ओढायची, आणि डाग पुन्हा दिसला तिथला आकडा घ्यायचा. दोन्हींची सरासरी म्हणजे आजची खोली. तबकडी अंधारामुळे दिसेनाशी होत नाही. तिच्यावरून येणारा उजेड आणि भोवतालच्या पाण्याचा उजेड यांतला फरक डोळ्याला कळेनासा होतो, म्हणून ती हरवते. तिच्या खालीही उजेड असतोच. पाण्यातल्या वनस्पतींना पुरेल एवढा उजेड ढोबळमानाने या खोलीच्या दुप्पट-तिप्पट खोल जातो.

माझी भाची माझ्यापेक्षा चार बोटं खोल बघते. तिची नजर तरुण आहे. म्हणून आमच्याकडे नियम असा की वहीत लिहायचा आकडा एकाच माणसाचा. भाचीचा आकडा शेजारी कंसात.

आता उन्हाळ्याच्या उतरणीचं. ऊन चढत होतं तेव्हा तबकडी तीन मीटरच्या आसपास दिसेनाशी व्हायची. आता दीड मीटरही गाठत नाही. तळं बिघडलं म्हणून लगेच बोंब मारायचं कारण नाही, खोल तळ्यांत या दिवसांत हे होतंच. उन्हाने वरचा थर तापतो, हलका होतो आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहतो. दोन्ही थर सहजी मिसळत नाहीत. पोहताना पाय खाली सोडले की एकदम गार पट्टा लागतो, तो हाच. तळाशी पाला-पाचोळा आणि मेलेलं शेवाळ कुजत राहतं, तिथला प्राणवायू संपत जातो. प्राणवायू संपला की गाळात अडकलेला फॉस्फरस पाण्यात सुटतो आणि त्यातला काही वादळी वाऱ्याने वर येतो. वर भरपूर ऊन, ऊबदार पाणी आणि फॉस्फरसचं खत असं सगळं एकत्र मिळालं की निळं-हिरवं शेवाळ फोफावतं. खरं तर ते शेवाळ नव्हे, जिवाणू आहेत, पण बोलण्यात शेवाळच. त्यांच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यामुळे वारा नसलेल्या सकाळी ते पृष्ठभागावर येतात आणि हिरव्या रंगाची तेलकट साय धरते. मग मंद वारा सुटला की ती साय एका काठाला जाऊन साठते. म्हणूनच समोरच्या काठावर पाणी चांगलं आणि आमच्या धक्क्याशी वाईट, असं एकाच दिवशी घडतं, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी खरं बोलत असतात.

यामुळे मी मोजमाप दोन ठिकाणी घेते. तळ्याच्या खोल भागात एक, ती तळ्याची तब्येत. आणि पोरं डुंबतात तिथे एक, ते आजच्या पोहण्यासाठी. तिथे तबकडीच्या जोडीला आणखी एक साधी परीक्षा करते, जी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही आलेली आहे: गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि आपली पावलं दिसतात का बघायचं. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात पावलं दिसत नसतील तर त्या दिवशी मुलं, कुत्री आणि गुरं पाण्याबाहेर. कुत्र्यांचं मुद्दाम लिहिते, कारण ती काठावरची साय चाटतात, अंगाला लागलेली जिभेने पुसतात, आणि या शेवाळाच्या विषाने कुत्री दगावतात. पाणी उकळून हे विष जात नाही, हेही सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

पारदर्शकतेचा दुसरा उपयोग माझ्या मते याहून मोठा आहे. पोहणारा बुडायला लागला तर तो वरून दिसला पाहिजे. अमेरिकेत काही राज्यांच्या पोहण्याच्या जागांसाठीच्या नियमांत चार फूट खोलीवरची तबकडी दिसली पाहिजे अशी अट असते. आमच्याकडे जीवरक्षक नाही, काठावर बसलेल्या आया आहेत. त्यांच्यासाठी मी हाच आकडा धरते. त्याहून कमी दिसत असेल तर पोरांनी उभं राहता येईल तिथेच खेळायचं, धक्क्यावरून सूर मारायचा नाही.

आकड्याचा अर्थ लावायला रॉबर्ट कार्लसन या तलावशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेला निर्देशांक उपयोगी पडतो. तबकडी ४ मीटरवर हरवली तर निर्देशांक ४०, २ मीटरवर ५०, १ मीटरवर ६०. म्हणजे खोली निम्मी झाली की निर्देशांक दहाने चढतो, आणि जितका चढेल तितकं तळं जास्त पोसलेलं, जास्त हिरवं. मी हा तक्ता होडीच्या खोपीत आतून चिकटवलाय. पण एक लक्षात ठेवायला हवं. पावसाने माती वाहून आली किंवा पाणी मुळातच पानांच्या अर्काने तपकिरी असलं, तर तबकडी लवकर हरवते आणि त्यात शेवाळाचा काही दोष नसतो. त्यासाठी वहीत खोलीशेजारी रंग, वारा आणि पाऊस लिहायलाच हवा. नुसता आकडा मुका असतो.

आणि ही तबकडी काय करत नाही, तेही स्पष्ट सांगते. ती विष मोजत नाही. सांडपाण्यातले जंतूही दाखवत नाही. काचेसारखं दिसणारं पाणी पोटाला वाईट असू शकतं. कुठे नाला येऊन मिळत असेल तर प्रयोगशाळेच्या तपासणीला पर्याय नाही. माझे दीर संध्याकाळी गळ टाकून बसतात, त्यांची अपेक्षा होती की तबकडी मासे कुठे आहेत ते सांगेल. तसं होत नाही. या दिवसांत खालच्या थरात प्राणवायू कमी असल्याने मासे गार पट्ट्याच्या वर राहतात, आणि तो पट्टा किती खोल आहे हे दोरीला बांधलेल्या थर्मामीटरने कळतं. त्यांना मी तोच घ्यायला सांगितला आणि आता ते तळाला गळ सोडत नाहीत.

माझा मुख्य आग्रह सातत्याचा आहे. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरच्या टाहो सरोवरात १९६८ पासून हे मोजमाप चालू आहे. त्या वर्षी सरासरी सुमारे ३१ मीटर होती, २०१७ मध्ये १८ मीटरच्या थोडी वर. दोन्ही आकडे वहीत होते म्हणून तिथल्या लोकांना नुकसान दाखवून देता आलं आणि त्यावर काम करता आलं. याच्या उलट सिअ‍ॅटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवराचं उदाहरण. तिथे सांडपाणी सोडल्याने पाणी जेमतेम मीटरभर दिसायचं. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं आणि सरोवर पुन्हा स्वच्छ झालं. मला ही दुसरी गोष्ट जास्त आवडते. आमच्या ग्रामसभेत शेतातलं खत आणि गोठ्यांचं पाणी तळ्यात जातं यावर दर वेळी वाद होतो आणि दर वेळी "पूर्वीपासून असंच आहे" इथे येऊन थांबतो. आता माझ्याकडे वही आहे. पुढच्या उन्हाळ्याची पानं त्यात भरली की "पूर्वीपासून" म्हणजे नक्की किती, ते दाखवता येईल.

धक्क्यावर मी एक फळा टांगलाय. त्यावर दिवसाची खोली, पाण्याचा रंग आणि "पोरांना सोडा" किंवा "आज नको" एवढंच खडूने लिहिते. सुरुवातीला दोघी-तिघी वाचायच्या. आता होडी परत धक्क्याला लागायच्या आत पोरं हाका मारून आकडा विचारतात, आणि खोली वाढली की ओरडा करतात. सुट्टीला आलेल्या पाहुण्यांनाही पोरंच समजावून सांगतात, तबकडी कशी धरायची इथपासून. एक मुलगी तर गार पट्टा का लागतो हे आपल्या वडिलांना पोहता पोहता सांगत होती. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

घ्यावी का? काठावर राहत असाल, स्वतःची किंवा मागून मिळणारी होडी असेल आणि पोरं पाण्यात जात असतील तर जरूर घ्या. धक्का चांगला खोल पाण्यात गेलेला असेल तर होडीवाचूनही चालतं, फक्त तबकडी तळाला टेकायच्या आधी दिसेनाशी व्हायला हवी. टेकेपर्यंत दिसत राहिली तर "तळ दिसतो" असंच लिहायचं, खोलीचा आकडा लिहायचा नाही. सुट्टीत दोन दिवस येऊन जाणाऱ्याने घेऊ नये, त्याने काठावरच्या कोणाला तरी विचारावं. विकत घेताना वजन शिशाचं नाही ना, बोल्ट स्टेनलेसचा आहे ना आणि पृष्ठभाग मॅट आहे ना, एवढं हातात घेऊन पाहा. दोरी सोबत असली तरी तिच्यावर विसंबू नका, मापाची फीत वेगळी घ्या. वापरून झाली की गोड्या पाण्याने धुवून, मऊ फडक्याने पुसून, पूर्ण सुकवून ठेवा. खरखरीत घासणीने पांढऱ्यावर ओरखडे पडतात आणि त्यात शेवाळ बसतं.

आणि एकाच तबकडीने दोन तळी मोजणार असाल तर मधे ती, फीत आणि होडीचा तळ कडकडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नका. एका तळ्यातली वनस्पती किंवा शिंपल्यांची पिल्लं दुसऱ्या तळ्यात पोचतात ती अशाच ओल्या दोऱ्यांवरून. शेजारच्या गावच्या मंडळींनी आमची तबकडी मागितली होती, त्यांना मी स्वतःची घ्यायला लावली. पहिल्या दिवशी त्यांच्या होडीत बसून मोजून दाखवायला मात्र गेले होते.